आडनावांची चौकशी: येमूल नेमके कुठले?

प्रश्न : आमचं आडनाव येमूल. मी दत्तनगरात वाढले, सध्या नोकरीसाठी पुण्यात आहे. आडनाव सांगितलं की समोरचा हमखास "काय?" म्हणतो. कुणी यमूल लिहितं, कुणी एमुल, एकानं तर सरळ यमुना लिहून टाकलं. पुढचा प्रश्न ठरलेला : "साउथचे का तुम्ही?" आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर, घरात तेलुगू बोलतो, पण पणजोबांपासून सगळे सोलापूरचेच. नानम्मा, म्हणजे बाबांची आई, म्हणायची, आपण वेमुलवाड्याचे, म्हणून येमूल. बाबा म्हणतात, गाव-बिव काही नाही, गिरणीतल्या कारकुनानं कानाला लागलं ते लिहिलं आणि तेच चिकटलं. यातलं कुणाचं खरं? आणि सोलापूरबाहेर येमूल आहेत का? इंटरनेटवर आडनावांचा नकाशा पाहिला, तर महाराष्ट्रात थोडे ठिपके आणि बाकी सगळीकडे मोकळं दिसलं.
(एक वाचक, दत्तनगर, सोलापूर)

उत्तर : ताई, आधी तुमच्या पुण्याच्या मंडळींचं बघू. येमूल ऐकून "साउथचे का?" असं जो विचारतो, त्याला सोलापूर ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९८० ते १९९६ या काळात लोकसभेच्या पाच निवडणुका झाल्या. पाचही वेळा सोलापूरनं दिल्लीला धाडलेल्या खासदाराचं आडनाव तेलुगू होतं. गंगाधर कुचन दोनदा, धर्मण्णा सादूल दोनदा, मग लिंगराज वल्याळ. विधानसभेत आडम मास्तर होतेच. ही नावं मराठीत छापलेल्या मतपत्रिकांवर शिक्के मारून या गावाची बोटं काळी झाली, आणि आता येमूल परकं?

आता मुद्द्याचं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, एका शाळेच्या ऑफिसात कारकून होतो. माझं आडनावांचं सगळं शिक्षण जनरल रजिस्टरवर झालं. कापडी पाठीचं, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं ते बाड. रजिस्टर नंबर, विद्यार्थ्याचं संपूर्ण नाव, आईचं नाव, धर्म व जात, जन्मगाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, असे त्यात रकाने. जूनमध्ये टेबलापुढं पोराचा हात धरून आई उभी. एका हाताला तंबाखूचा वास, कारण विड्यांची सुपं तशीच सोडून आलेली. मराठी तिला चांगलं येतं, पण आडनाव ती तेलुगू तोंडानंच सांगणार. लिहिणारा सातारकडचा किंवा कोकणातला. थोरला 'यमूल', मधला 'येमुल' आणि धाकटी 'एमूल', अशी एकाच आईची तीन लेकरं मी त्या रजिस्टरात पाहिली आहेत. मग नोकरी लागायच्या वेळी तिघंही दाखला दुरुस्त करून घ्यायला खिडकीपाशी हजर. तेव्हा कारकुनानं घोळ घातला हे तुमच्या बाबांचं म्हणणं मी खोटं कशाला पाडू?

पण कारकुनाचा हात फक्त शेपटाला लागलाय. तेलुगूत शब्दाच्या शेवटचा 'अ' पूर्ण म्हणतात, म्हणून तिकडची माणसं इंग्रजीत लिहितानाही शेवटी 'ए' ठेवतात. मराठीत तो 'अ' गिळला जातो. आणि शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा उकार दीर्घ लिहायचा, हे आपल्याला मूल, फूल, धूळ लिहिताना शाळेत घोकून घेतलेलं असतं. सादुलाचं सादूल झालं ते असंच. तुमच्या आडनावाचा 'मू' दीर्घ आहे तो मराठी शुद्धलेखनामुळे. इतपत ते आडनाव सोलापुरात घडलं म्हणायला हरकत नाही.

डोक्याचा 'ये' मात्र इथला नव्हे. तो तेलंगणातून तसाच आलाय.

तेलंगणात आणि आंध्रात वेमुला हे घरनाव भरपूर आहे. प्रमाण तेलुगूत कडुनिंबाला म्हणतात वेप. तेच झाड तेलंगणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'याप' होतं : याप चेट्टु म्हणजे निंबाचं झाड, याप पुव्वु म्हणजे निंबाचं फूल. आरंभीच्या 'वे'मधला 'व' तिकडच्या बोलीत असा विरघळतो. 'वेमु' हेही निंबाचंच नाव. तमिळमध्ये वेंबु, कन्नडमध्ये बेवु. वेमुल म्हणजे निंबांचं, निंबांपाशी असलेलं. ज्या तोंडात वेपचं याप होतं, त्या तोंडात वेमुलचं येमुल झालं तर त्यात नवल ते काय? तिकडंही काही घरं आज वेमुला लिहितात, काही येमुला. म्हणून माझं मत पक्कं आहे : येमूल म्हणजे तेलंगणी बोलीतलं वेमुला, आणि शेवटी मराठी कात्री.

पडताळा घरबसल्या घेता येईल. उगादीला तुमच्याकडे पच्चडी होते; आपल्या पाडव्याच्या कडुनिंबाच्या पाल्यासारखाच कडूगोड प्रकार, फक्त त्यात निंबाचा मोहर, नवी चिंच, गूळ, कैरी. त्या दिवशी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला, आत्या असेल, चुलत आजी असेल, मोहराचं नाव विचारा. आधी काही सुचवू नका. तिच्या तोंडून 'याप पुव्वु' आलं तर तुमच्या आडनावातला 'ये' कुठून आला हे दुसऱ्या कुणाला विचारायला नको.

आता नानम्माचं वेमुलवाडा.

गाव साधंसुधं नाही. आजच्या तेलंगणातल्या राजन्ना सिरसिल्ला जिल्ह्यात ते येतं. दहाव्या शतकात तिथे चालुक्यांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या घराण्यातल्या दुसऱ्या अरिकेसरीच्या दरबारात पंप हा कन्नडचा आदिकवी होता. म्हणजे आज तेलुगू बोलणाऱ्या गावात कन्नडचं आद्य महाकाव्य लिहिलं गेलं. सोलापूरकराला याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही, आपल्याकडे एका वाड्यात तीन भाषा नांदतात. याच घराण्यातल्या तिसऱ्या अरिकेसरीचा ९६६ सालचा ताम्रपट आपल्या परभणीत सापडला. त्यात या गावाचं नाव येतं लेंबुलपाटक. बघा, तेव्हा गावाच्या नावाच्या आरंभी 'व' नाही आणि 'य'ही नाही, चक्क 'ल' आहे.

तरीही येमूल हे वेमुलवाड्यावरून आलं असं मला वाटत नाही. गावावरून घरनाव पडलं तर तेलुगूत सहसा गावाचं अख्खं नाव घेतात. वेमुलवाड भीमकवी हा तेलुगूतला जुना, दंतकथांतून वावरणारा कवी. त्याच्या नावापुढे अख्खं वेमुलवाड आहे, अर्धं तोडलेलं नाही. तुमचे पूर्वज तिथले असते तर आडनावात 'वाडा' कुठे तरी शिल्लक दिसला असता. शिवाय निंबाच्या नावाची गावं तिकडं पायलीला पन्नास. कडप्पा जिल्ह्यात वेमुला नावाचंच गाव आहे, नलगोंडा जिल्ह्यात वेमुलपल्ली. आपल्याकडे निमगावं किती ते मोजा म्हणजे अंदाज येईल. फलटणच्या नाईक निंबाळकरांचं आडनाव निंबळक गावावरून, आपल्या दक्षिण सोलापुरात निंबर्गी. गाव असो की घरापुढचा पार, निंबाच्या सावलीला घर असणं ही दख्खनमधली इतकी रोजची गोष्ट, की त्यावरून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दहा घरांना एकच नाव पडू शकतं.

मग नानम्मा खोटं बोलली का? मुळीच नाही. वेमुलवाड्याचा राजराजेश्वर, म्हणजे त्या भागाचा राजन्ना, हे करीमनगरकडच्या विणकर-शेतकरी घरांचं मोठं दैवत. तिथं 'कोडे मोक्कु' फेडतात : नवस फेडायला आलेलं कुटुंब बैलाची दोरी धरून त्याला देवळाभोवती फिरवतं आणि देवाला अर्पण करतं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हा नवस चालतो, ते घर "आम्ही वेमुलवाड्याचे" असंच म्हणणार. आपल्याकडे नाही का, "आम्ही जेजुरीचे" म्हणणाऱ्या माणसाच्या सात पिढ्या बार्शीत गेलेल्या असतात! नानम्मानं तुम्हाला देवाचा पत्ता दिला, तुम्ही तो घराचा समजलात. पण देवाचा पत्ताही कामाचा आहे. राजन्नाचा नवस असलेलं घर बहुधा जुन्या करीमनगर टापूतलं, नलगोंड्याकडचं नव्हे, एवढी दिशा त्यातून मिळते.

तिथून सोलापूरला का आले, याचं उत्तर तुमच्या घरात कुणाला तरी नक्की माहीत असेल, म्हणून थोडक्यात. करीमनगर, सिरसिल्ला, वरंगल हा सगळा मुलूख निजामाचा, सोलापूर इंग्रजांचं. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद रेल्वे झाली आणि हैदराबादची माणसं वाडीला गाडी बदलून थेट सोलापूर स्टेशनात उतरू लागली. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ त्याच सुमाराचा, आणि सोलापूरची पहिली कापड गिरणी, जिला 'जुनी गिरणी' म्हणतात, सुरू झाली १८७७ मध्ये. हातमागाला गिरणीच्या कापडानं मारलं, पण सूत ओळखणाऱ्या हातांना गिरणीत आणि इथल्या मागांवर काम होतं. एक आला की मागोमाग त्याचा मेव्हणा, मग त्याच्या गल्लीतले चार. साखर पेठ, जोडभावी पेठ, कन्ना चौक, पुढं दत्तनगर, अशोक चौक, पद्मानगर असा पूर्व भाग भरत गेला. पुरुष मागावर, बायका विड्यांवर.

आता येमूल कुठे कुठे आहेत, या प्रश्नाकडे येतो. तुमच्या नकाशावर ठिपके कमी दिसले, कारण असले नकाशे इंग्रजी स्पेलिंग मोजतात. तुम्ही 'वाय'नं सुरू होणारं आणि 'एल'वर संपणारं स्पेलिंग टाकलंत. ते फक्त मराठी कात्रीतून गेलेल्या घरांचं, म्हणजे सोलापूर आणि सोलापुरातून पुढं गेलेल्यांचं. त्याच्याच शेवटी 'ए' लावून बघा, की तेलंगण दिसायला लागेल. 'व्ही'नं सुरू करा, की नकाशा पार गुंटूर-कडप्पापर्यंत भरेल. तेव्हा येमूल हे दुर्मिळ आडनाव आहे खरं, पण ती दुर्मिळता स्पेलिंगची आहे, घराण्याची नाही.

महाराष्ट्रात शोधायचं तर मागाचा आवाज जिथं जिथं आहे, तिथं जा. भिवंडीचं पद्मानगर हा तर पूर्व भागाचा जुळा भाऊ. मुंबईत गिरणगाव, तिकडं अहिल्यानगर, नांदेड, राज्याबाहेर सुरत. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तशी बरीच घरं भिवंडी-सुरतेकडे सरकली, आणि तुमच्यासारखी नवी पिढी पुण्यात. नांदेडकडे गेलात तर एक लक्षात ठेवा. नांदेडपासून चंद्रपूरपर्यंत तेलुगू घरनावांना 'वार' लागतो. मुनगंटीवार, वडेट्टीवार ही नावं तुम्ही रोज बातम्यांत ऐकता. तेलुगूतला 'वारु', म्हणजे अमक्या घरची मंडळी, त्याचाच तो वार. तुमच्या आडनावाला वार जोडलेलं कुणी तिकडं भेटलं तर दचकू नका. पण लगेच मिठीही मारू नका.

कारण आडनाव एक म्हणून भाऊबंद, हे गणित तेलुगू घरनावांना लागू नाही. तेलंगणचे माजी मंत्री वेमुला प्रशांत रेड्डी निजामाबादकडचे, रेड्डी. वेमुला वीरेशम हे नकिरेकल या राखीव मतदारसंघाचे आमदार. आणि २०१६ साली देशभर ज्याचं नाव गाजलं तो हैदराबाद विद्यापीठातला विद्यार्थी रोहित वेमुला गुंटूरचा. तिघांचं घरनाव एकच; पण जिल्हा, घराणं निराळं, आणि तिघांची जातही एक नाही. झाडाला जात नसते, त्याच्या नावालाही नाही. तुमच्या समाजात सोयरीक जुळवताना म्हणून तर इंटिपेरूवर, म्हणजे घरनावावर, थांबत नाहीत, गोत्रही विचारतात. पद्मशालींत एकशे एक गोत्रं सांगतात. येमूल भेटला तर गोत्र विचारा. इंटिपेरू आणि गोत्र दोन्ही जुळलं आणि वर राजन्नाचा नवसही निघाला, तर मात्र चहा पाजल्याशिवाय सोडू नका.

कागद कुठं शोधायचे हे तुम्ही विचारलेलं नाही, पण जुन्या कारकुनाला त्याशिवाय राहवत नाही. पहिला कागद तुमच्या घरातच असेल : जात पडताळणीची फाइल. पद्मशाली आपल्याकडे विशेष मागास प्रवर्गात येतात आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. त्यापायी पूर्व भागातल्या घराघरांत कुणीतरी चुलता, मोठा भाऊ दारोदार फिरून पणजोबाचा शाळेचा उतारा, घराचा उतारा, गिरणीचं कार्ड गोळा करून बसलेला असतो. वंशावळ शपथपत्रावर लिहिलेली असते ती त्याच फाइलमध्ये. माझ्या अनुभवात कित्येक घरांची लेखी वंशावळ तेवढी एकच. तुमच्या चुलत्यांपैकी कुणाच्या मुलानं इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला असेल तर सरळ त्याच्या कपाटाकडं जा.

शाळेच्या उताऱ्यात नावाबरोबर जन्मगावाचा रकाना वाचायला विसरू नका. सोलापूर लिहिलं असेल तर एक पिढी मागं जा. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका निघते. त्यात घर कुणाकडून कुणाकडे आलं ते तारखेनिशी असतं. नानम्माचं विडी कारखान्याचं कार्ड असेल तर तेही बघा, त्यावरचं आडनाव तिनं स्वतः सांगितलेलं असतं.

तेलंगणातलं गाव सापडलं, तर जिल्ह्याच्या नावावर अडून बसू नका. जुन्या कागदावर जिल्हा करीमनगर असेल. २०१६ मध्ये त्याचे तुकडे होऊन सिरसिल्ला, जगित्याल, पेद्दपल्ली वेगळे झाले. अगदी जुना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा उर्दू कागद मिळाला तर त्यावर एलगंदल असेल, तेही करीमनगरच. आणि तिकडच्या मतदार यादीत शोधताना घरनाव आधी, नाव मागून : वेमुला राजय्या. तोच माणूस इथं आला की राजय्या नरसय्या येमूल होतो. मध्ये बापाचं नाव घालायची पद्धत त्याला आपल्याकडे चिकटते. तिकडचे बरेच लोक घरनावाचं नुसतं आद्याक्षर लिहितात, तेव्हा 'व्ही. राजय्या' असा कुणी दिसला तर त्या 'व्ही'च्या पोटात काय आहे ते फोन करून विचारावंच लागेल.

राहता राहिलं पुण्याचं ऑफिस. आडनावाचं स्पेलिंग आता बदलू नका. पॅन, आधार, दाखला, पासपोर्ट जुळलेले असतील तर देवाचे आभार माना.

प्रश्न : आमचं आडनाव पंढरपूरकर, राहणार बार्शी. पंढरपुरात मात्र आमच्या आडनावाचं कुणी भेटत नाही. आमचं घराणं खरंच तिथलं का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : भेटत नाही म्हणूनच खरं असण्याची शक्यता जास्त. पंढरपुरात राहणाऱ्याला पंढरपूरकर म्हणायची गरज कुणाला? गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलं की तिथले लोक 'कर' लावतात. त्यामुळे 'कर'वालं आडनाव गावात विरळ आणि गावाच्या आसपास दाट सापडतं. बार्शी म्हणजे अगदी बरोबर अंतर.

खुद्द पंढरपूरची आडनावं वेगळी, आणि ती विठोबाच्या सेवेतून आलेली. बडवे आणि रुक्मिणीचे उत्पात तर प्रसिद्धच. त्याखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे हे सेवाधारी. दिवटी धरणारे ते दिवटे, हातात दंड घेऊन उभे राहणारे डांगे, देवापुढे गाणारे हरिदास. १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्यानं हे वंशपरंपरागत हक्क काढून घेतले. बडवे-उत्पात कोर्टात गेले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या वादावर कायमचा पडदा पडला. सेवा गेली, आडनावं राहिली. उत्पात हे आडनाव महाराष्ट्रात कुठंही ऐकलंत, तर त्या माणसाला बेलाशक पंढरपूरची चौकशी करा. अशी एकगावी आडनावं फार थोडी. मात्र दिवटे आणि डांगे यांच्या बाबतीत ही घाई करू नका. दिवट्या आणि दंड बाकीच्या देवळांतही होतेच.

प्रश्न : आमचं गाव होटगी आणि आडनावही होटगीच. घरात कन्नड बोलतो. मुलगा म्हणतो, होटगीकर करून घेऊ, नुसतं होटगी म्हणजे गावाचं नाव वाटतं.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : गावाचं नाव वाटतं कारण ते गावाचंच नाव आहे, आणि कन्नडमध्ये रीतच तशी. तिथं गावाला शेपूट न लावता तसंच आडनाव म्हणून घेतात. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. त्यांना कुणी मन्सूरकर म्हटलं नाही. गंगूबाई हनगल यांचंही तसंच, आडनाव हनगल गावावरून. आपला जिल्हा या दोन रीतींच्या सीमेवर बसलाय, म्हणून एकाच गावच्या दोन घरांपैकी कन्नड घर नुसतं गावाचं नाव लावतं आणि मराठी घर त्याला 'कर' जोडतं. तुमचं आडनाव बिनशेपटाचं आहे, त्यावरूनच घरची भाषा कळते. 'कर' लावलात तर तेवढी खूण पुसली जाईल.

तरी मुलाचा हट्टच असेल तर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यावी लागेल. मग दाखला, आधार, पॅन, बँक, गॅस, सातबारा, एकेक करून सगळीकडे बदल. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होटगी आणि नातू होटगीकर झाला, तर वारसनोंदीच्या वेळी तलाठी दोन चकरा जास्त मारायला लावेल. त्या चकरा मुलगा मारणार की तुम्ही, हे आधी ठरवून घ्या.